पृथ्वी कमी भरली

माझ्या हातून आयुष्यात एकदाच अगदी अचूक उत्तर आलं आणि त्याच दिवशी सरांनी माझी प्रयोगवही परत केली. मी तेव्हा धुळ्याला बी.एस्सी. करत होते. लंबकाचा साधा प्रयोग होता. दोऱ्याला गोळा बांधायचा, झोके मोजायचे आणि गुरुत्वाकर्षणाचा आकडा काढायचा. पुस्तकात ९८० होता, माझ्याही वहीत ९८० आला. पहिली तीन वाचनं मी खरी घेतली होती. उरलेली सात हॉस्टेलच्या खाटेवर बसून उत्तराकडून उलटी काढली होती. सगळेच काढायचे. सरांनी वही दोन मिनिटं चाळली आणि विचारलं, "हे कोणी मोजलं?"

"मी, सर."

"तू मोजलं असतंस तर इतकं बरोबर आलं नसतं."

एवढंच बोलले. ओरडले नाहीत, वर्गात कुणाला सांगितलं नाही. मला मात्र ते इतकं झोंबलं की दुसऱ्या दिवशी फणफणत जाऊन सगळा प्रयोग पहिल्यापासून केला. आकडा ९६२ आला. मला वाटलं आता पुन्हा बोलणी बसणार. सरांनी त्याच्याखाली शांतपणे सही केली.

त्या सहीने मला भौतिकशास्त्रात ओढलं असं मी भाषणात सांगते. खरी गोष्ट अशी की आज जळगावच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी तोच विषय शिकवते आणि दर वर्षी शंभरेक वह्यांमधल्या ९८० वर डोळे मिटून सही ठोकते. कोणाला काही विचारत नाही. याची मला लाज वाटते, पण परीक्षा तोंडावर आली की लाज बाजूला ठेवावी लागते.

सर निवृत्त झाल्यावर धुळं सोडून जळगावला आले. मेहरूण तलावापासून चालत पाच मिनिटांवर त्यांचं घर होतं. काकू गेल्यावर ते एकटेच राहत. मी कॉलेजातून येताना अधूनमधून डोकवायची. त्यांच्या बाहेरच्या खोलीत पलंगाखाली एक मोठा खोका होता आणि त्या खोक्यात काय आहे हे मला पाठ होतं. एका मोडक्या गॅल्व्हानोमीटरमधून काढलेली केसाएवढी बारीक धातूची तार, ॲल्युमिनियमची हलकी नळी, शिशाच्या दोन लहान गोळ्या, आरशाचा नखाएवढा तुकडा. या सामानाने सरांना पृथ्वीचं वजन करायचं होतं.

यात वेड्यासारखं काही नाही. सव्वादोनशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या एका शास्त्रज्ञाने हे करून दाखवलेलं आहे. सर ती गोष्ट दर वर्षी नव्या वर्गाला सांगत आणि सांगताना दर वर्षी नव्याने खुलत. हा माणूस इतका लाजरा, की चारचौघांत तोंड उघडायला घाबरायचा. मोजायला बसला मात्र की त्याच्यासारखा चिवट कोणी नाही. आडवी दांडी बारीक तारेने मधोमध टांगायची, दोन टोकांना दोन लहान गोळे लावायचे, आणि त्यांच्याजवळ शिशाचे दोन मोठे गोळे आणायचे. मोठा गोळा लहान गोळ्याला ओढतो. किती? डोळ्याला दिसणारच नाही इतकं थोडं. पण तार तेवढ्याने पिळते. शिशाचा एवढासा गोळा एवढं ओढतो तर सगळी पृथ्वी ज्या जोराने ओढते त्यावरून ती किती जड, हे त्रैराशिकाने निघतं. त्याने काढलं. पृथ्वी पाण्याच्या जवळजवळ साडेपाच पट जड निघाली.

मला या गोष्टीतलं त्रैराशिक कधी फारसं आवडलं नाही. मला आवडायचं ते हे, की तो माणूस स्वतः त्या खोलीत पाऊल ठेवत नव्हता. आपल्या अंगाच्या उबेने हवा हलेल आणि दांडी डुलेल म्हणून खोली बंद करून बाहेरून दुर्बिणीने बघायचा. मोठे गोळे बाहेरून दोरीने फिरवायचा. उबेने नक्की किती फरक पडतो हे कळावं म्हणून त्याने गोळे मुद्दाम दिव्याने तापवूनही पाहिले. आपणच आपल्या मोजण्यात लुडबुड करतो, हे त्याला इतरांच्या आधी नीट कळलं होतं. आणि ते यंत्र मुळात त्याचं नव्हतंच, त्याच्या मित्राचं होतं. मित्राने मोठ्या हौसेने ते बनवलं आणि मोजायच्या आधीच तो वारला.

घरी ही शेवटची ओळ सांगताना सर पलंगाखालच्या खोक्याकडे बघायचे. हे मात्र मला फार उशिरा लक्षात आलं.

गेल्या होळीनंतर सर म्हणाले, "मुलीने पुण्याला बोलावलंय. घराचं ठरलं. आखाजी झाली की तिसऱ्या दिवशी निघायचं." आमच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात.

"आणि खोका?"

"राहिलं ते," असं म्हणून ते चहाला उठले. हातातली कपबशी खुळखुळत होती. वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी हात थरथरणारच, पण तिकडे गेल्यावर हा खोका कोणी उघडू देणार नाही आणि आणखी दोन वर्षांनी सरांना तार बांधता येणार नाही, हे दोघांनाही कळत होतं. मला भयंकर राग आला. कुणाचा ते सांगता येत नाही. चाळीस वर्षं एक माणूस दुसऱ्याने मोजलेला आकडा फळ्यावर लिहितो आणि स्वतः मोजायची वेळ आली की त्याला 'राहिलं' म्हणावं लागतं, याचा असेल.

मी हट्टाने म्हटलं, निघायच्या आधी मोजू. अडचण जागेची होती. जळगावच्या उन्हाळ्यात भिंती दुपारपर्यंत तव्यासारख्या तापतात आणि घरातली हवा जागेवर राहत नाही. पंखा लावला तर दांडी नाचते, न लावला तर माणूस नाचतो. सरांनी इतकी वर्षं जी खोली शोधली ती सापडली केळीच्या धंद्यात. त्यांचा एक जुना विद्यार्थी शहराबाहेर केळी पिकवायच्या खोल्या चालवतो. जाड भिंती, रबर लावलेलं दार, आत हवेचा कण हलत नाही, आणि दार न उघडता केळीचा रंग बघायला दारात वीतभर काच. चारपैकी एका खोलीचं मशीन बिघडलेलं होतं. आखाजीपर्यंत ती वापरा म्हणाला. त्या लाजऱ्या माणसाने पाहिली असती तर त्याने मुक्कामच ठोकला असता.

मोठे गोळे नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात ओतून घेतले, पंधरा-पंधरा किलोचे. ते मी आणि माझे वडील पॅसेंजरने घेऊन आलो. गोणपाटात गुंडाळलेले दोन गोळे पायाशी ठेवून आम्ही बसलो होतो. अमळनेरला चढलेल्या एका बाईंनी पिशवी सरकवायला पाय लावला आणि कळवळल्या.

"काय शे यामा?" त्यांनी विचारलं.

"धरतीनं वजन करानं शे," वडील गंभीरपणे म्हणाले. बाई जळगावपर्यंत आमच्याकडे न बघता बसल्या.

वडिलांना सगळं गाव नाना म्हणतं, मीही. नाना अमळनेरच्या बाजारात मापाडी होते. चाळीस वर्षं काट्यासमोर उभं राहून त्यांनी कापूस, दादर ज्वारी, भुईमूग तोलला. पुढे बटण दाबलं की आकडा दाखवणारे काटे आले आणि नाना घरी, माझ्याकडे जळगावला आले. पण हलता काटा नेमका कुठे थांबणार हे थांबायच्या आधी सांगायची त्यांची नजर गेलेली नव्हती. सरांना अशीच नजर हवी होती. आरशावर लेसरचा उजेड टाकला की समोरच्या भिंतीवर लाल ठिपका पडतो. दांडी झुलते तसा तो ठिपका भिंतीवरच्या मोजपट्टीवर डावीउजवीकडे सावकाश सरकतो. एक पुरा झोका सुमारे चार मिनिटांचा. तो मधल्या रेघेवरून कोणत्या क्षणी गेला हे दुर्बिणीतून बघून सांगायचं. सरांचा हात थरथरतो, मला दोन मिनिटांत कंटाळा येतो. नाना तासन् तास डोळा लावून बसू शकत.

पहिल्या दिवशी सरांनी त्यांना समजावलं. "नाना, ठिपका रेघेवरून डावीकडे गेला की पहिल्यांदा 'शून्य' म्हणायचं. ही घड्याळ सुरू करेल. पुढच्या वेळी एक, मग दोन. दहा झाले की घड्याळ बंद."

नाना स्टुलावरून उतरलेच. "शून्य? मापले पैलं शून्य कोन म्हनस, सर? घरमा दाना येवाना आगोदर शून्य?"

आमच्याकडे धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' सुद्धा म्हणत नाहीत, 'लाभ' म्हणतात. नानांनी चाळीस वर्षं प्रत्येक राशीला पहिला शब्द 'लाभ' उच्चारला होता. त्यांना पृथ्वीच्या राशीला शून्य म्हणायला सांगणं जरा जास्तच होतं. सरांना गंमत वाटली. म्हणाले, "बरं, शून्याच्या जागी लाभ म्हणा. लाभ, एक, दोन. चालेल?"

"हां, हाई चाली. लाभ, एक, दोन." नाना पुन्हा डोळा लावून बसले.

मलाही ते फार गोड वाटलं. त्या क्षणी मी शिक्षिका असायला हवं होतं, पण मी लेक होते.

मग आमच्या सकाळी सुरू झाल्या. दुपारनंतर बाहेर ट्रक भरायला लागत आणि ठिपका थडथडत असे, म्हणून उजाडता उजाडता जायचं. खोली रिकामी होऊन महिना झाला तरी पिकल्या केळीचा वास दाराशी दाटलेला. पाणी जायच्या भोकातून आत गेलेली दोरी ओढून सर मोठे गोळे एका बाजूला आणत, मग दुसऱ्या. ठिपका कुठल्या जागेभोवती झुलतो ते दोन्ही वेळा टिपायचं. दोन जागांमधलं अंतर जेमतेम दोन बोटं. पहिल्यांदा ते दिसलं तेव्हा मी सरांचा दंड घट्ट धरला होता. पंधरा किलोचं शिसं हात न लावता दुसऱ्या शिशाला ओढतं, हे मी वीस वर्षं फळ्यावर लिहीत आले होते. त्यावर माझा खरा विश्वास त्या सकाळी बसला.

झोक्यांचा वेळ घ्यायचं काम कंटाळवाणं होतं. नाना काचेला डोळा लावून बसत. "लाभ!" म्हणाले की मी घड्याळ दाबायची, "दहा!" म्हणाले की बंद करायची. मधले आकडे ते बाजारातल्या सवयीने ओठांतल्या ओठांत मोजत. त्या मधल्या वेळात मी काय करत होते? टेबलावर बसून अकरावीच्या वह्या तपासत होते. ९८०, ९८०, सही.

चार वेळा वेळ घेतला. चारही वेळा काही सेकंदांचाच फरक. सरांनी गणित मांडलं आणि उत्तर आलं, पृथ्वी पाण्याच्या साडेचार पट.

साडेपाच हवी होती. सरांनी दोनदा तपासलं. मी तिसऱ्यांदा तपासलं. नाना आमच्या तोंडांकडे बघत होते.

"काय व्हयनं?"

"कमी भरली, नाना," सर म्हणाले.

नानांचा चेहरा उतरला. मापाड्याला याहून वाईट शब्द नाही. "धरती कमी कशी भरनी?" ते म्हणाले आणि परतीच्या रिक्षेतही तेच पुटपुटत राहिले.

आखाजीला आठ दिवस राहिले होते. आम्ही चूक शोधायला लागलो. गोळ्यांतलं अंतर पुन्हा मोजलं. तारेला पीळ राहिलाय का पाहिलं. लोखंडी खुर्ची लांब नेली. काही सापडेना. सर रोज आकडेमोड पहिल्यापासून करत. एकदा म्हणाले, "खोक्यातच ठेवायला हवं होतं," आणि मला ते अजिबात सहन झालं नाही. मी जरा चढ्या आवाजातच म्हणाले, "सर, तुम्ही आम्हाला असं नव्हतं शिकवलं."

रविवारी गावाकडून दादर आली. नाना पोत्यातून माप भरून कोठीत ओतत होते, मी पोत्याचं तोंड धरून उभी होते.

"लाभ. दोन. तीन..."

माझ्या हातातून पोतं सुटलं. "नाना, एक कथा गया?" एक कुठे गेला, हेच मला कळेना.

"लाभ म्हंजे एकच ना, माय," नाना म्हणाले आणि मग तेही थांबले. हातातलं माप तसंच अर्धवट तिरपं, दादर पायावर सांडत होती.

ठरवताना 'लाभ, एक, दोन' ठरलं होतं. चाळीस वर्षांची जीभ मात्र ठरल्याप्रमाणे चालत नाही. लाभ झाला की तिला दोनच माहीत. नाना दहा म्हणत तेव्हा झोके नऊच झालेले असत. आम्ही नऊ झोक्यांचा वेळ दहाने भागत होतो.

"मनी चूक शे," नाना म्हणाले. मी म्हटलं, चूक तुमची नाही, माझी आहे, मी वह्या तपासत बसले होते. त्यांना ते पटलं नाही.

मी तिथेच दाराच्या मागच्या बाजूला खडूने हिशेब केला. चारही वेळा वेळ सारखाच होता, म्हणजे चारही वेळा चूक तीच. नऊने भागून पाहिलं. उत्तर साडेपाच. अगदी साडेपाच! हिशेब कागदावर उतरवला आणि दुपारच्या उन्हात छत्री न घेता सरांकडे पळत गेले, नाना माझ्या मागे.

सरांनी कागद पाहिला. मला वाटलं होतं त्यांचे डोळे भरून येतील. ते म्हणाले, "चूक तू कधी शोधायला लागलीस?"

"उत्तर चुकलं तेव्हा."

"आणि शोधायची कधी थांबलीस?"

उत्तर बरोबर आलं तेव्हा, हे सांगायची गरज नव्हती.

"अजून एखादी चूक असेल तर?" सर म्हणाले. "साडेपाच आलं म्हणून तू कागद घेऊन धावत आलीस. पाच आलं असतं तर घरी बसून शोधत राहिली असतीस. म्हणजे मोजतंय कोण, आपण की पुस्तक?"

खरं सांगते, त्या वेळी मला सरांचा संताप आला. चार दिवस राहिलेत, हवं ते उत्तर हातात आहे, कोणी फसवलेलं नाही, आणि हा माणूस अजून कुरकुर करतो आहे. मी तसं तोंडावर बोललेही. सर नुसते हसले आणि कपाटातून स्टीलची फूटपट्टी काढून माझ्या हातात दिली. "सगळं पुन्हा मोजू. भिंतीवरच्या पट्टीपासून."

भिंतीवरची पट्टी मी केली होती. संगणकावर आखून झेरॉक्सच्या दुकानातून छापून आणली होती आणि तुकडे जोडून चिकटवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्यावर स्टीलची पट्टी ठेवली. माझे पंधरा सेंटिमीटर खरे सव्वाचौदाच्या जरासे वर भरले. दुकानदाराने पानात नीट बसावं म्हणून सगळं थोडं लहान करून छापलं होतं आणि मी ते मोजून बघितलं नव्हतं. मोजपट्टी कोणी मोजतं का?

नाना त्या दिवशी पहिल्यांदा हसले. "म्हंजे तुनं बी माप कमी," ते म्हणाले. पुढे दोन दिवस त्यांनी ते दहा वेळा तरी म्हटलं.

म्हणजे ते सुंदर साडेपाच कशावर उभं होतं तर माझ्या आखूड सेंटिमीटरवर आणि बहुतेक आणखी एखाद्या चुकीवर, जिने ते बरोबर उलट्या बाजूने सावरून धरलं होतं. सरांनी मग नानांना त्या लाजऱ्या शास्त्रज्ञाची एक गोष्ट सांगितली, जी त्यांनी वर्गात कधी सांगितली नव्हती. त्याच्या कागदांतही सरासरी काढताना एक लहानशी चूक राहून गेली होती. तो गेल्यानंतर कित्येक वर्षांनी ती दुसऱ्या कोणाला तरी सापडली. ती सापडू शकली, कारण त्याने आपली सगळी वाचनं जशी आली तशी छापून ठेवली होती.

"जमेल तेवढ्या चुका काढायच्या, नाना. उरलेल्या दुसऱ्याला काढता येतील असं लिहून ठेवायचं," सर म्हणाले.

नव्याने सगळं लावायला दोन दिवस गेले. तार बांधायला सरांना तीन तास लागले. दोनदा हातातून निसटली. मी पुढे झाले तर त्यांनी मान हलवली. तिसऱ्यांदा बांधली गेली तेव्हा त्यांचा सदरा घामाने पाठीला चिकटला होता.

आखाजीची सकाळ उजाडली. दुसऱ्या दिवशी खोलीचं मशीन दुरुस्त करायला माणूस येणार होता आणि त्यानंतर आत केळी भरली जाणार होती. त्यामुळे जे काय व्हायचं ते आजच. येताना रस्त्यात कडुलिंबाला झोके बांधलेले दिसले. माहेरी आलेल्या पोरी सकाळपासूनच गाणी म्हणत झोके घेत होत्या. नाना त्यांच्याकडे बघत म्हणाले, "बठ्ठं गाव आज झोका लेस, आपला बी चालू करूत."

काचेपाशी बसायच्या आधी सर म्हणाले, "नाना, तुम्ही आपलं लाभ, दोन असंच म्हणा. अकरा म्हणालात की घड्याळ बंद करू, म्हणजे दहा झोके होतील. तुमची सवय आता आपल्याला माहीत आहे, तेवढं पुरे."

"नही," नाना म्हणाले. "मी शून्य म्हनसू."

"अहो, गरज नाही त्याची."

"माले शे."

मी या वेळी वह्या घरी ठेवल्या होत्या. कागदावर रेघा ओढायला पेन्सिल घेऊन नानांच्या शेजारी उभी राहिले. ठिपका उजव्या टोकाला जाऊन थांबल्यासारखा झाला, मग परत फिरला. नानांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. ठिपका रेघेच्या जवळ आला. मला त्यांचा श्वास ऐकू येत होता.

"शून्य," नाना म्हणाले.

देवळात बोलावं तसं बारीक आवाजात म्हणाले. मी घड्याळ दाबलं आणि मला रडू आलं. चार मिनिटांनी "एक" आला, मोठ्याने, आणि मग दहापर्यंत एकही आकडा त्यांनी ओठांत ठेवला नाही. माझ्या कागदावर दहा रेघा भरल्या. असं आम्ही त्या सकाळी तीन वेळा केलं. तिन्ही वेळा शून्य म्हणताना टोपी मांडीवर होती.

दुपारी ट्रक यायला लागले तेव्हा सर खोलीबाहेरच्या टेबलावर गणित करत होते. मी मुद्दाम लांब उभी राहिले. उत्तर आलं. पाण्याच्या पावणेसहा पट.

साडेपाच नव्हतंच. मी सरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते त्या आकड्याकडे असे बघत होते, जसं बऱ्याच दिवसांनी घरी आलेल्या माणसाकडे बघावं.

"जास्त भरनी का कमी?" नानांनी विचारलं.

"पुस्तकापेक्षा थोडी जास्त."

"जास्त चाली," नाना एकदम मोकळे झाले. "कमी नको."

सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग त्यांनी कागदावर सगळी वाचनं उतरवली, पहिली फसलेली चारही, नानांच्या लाभासकट आणि माझ्या आखूड पट्टीसकट. तळाशी उत्तर लिहिलं, किती इकडेतिकडे असू शकेल तेही लिहिलं. कागद माझ्यापुढे सरकवला आणि विचारलं, "हे कोणी मोजलं?"

"आम्ही, सर."

त्यांनी सही केली. अक्षर थरथरलेलं होतं. त्याखाली मी केली, त्याखाली नानांनी.

तो कागद आज माझ्या प्रयोगशाळेत लावलेला आहे. मुलं येतात, बघतात आणि मॅडम, हे उत्तर चुकलंय म्हणतात. यंदाच्या वह्यांमध्ये पहिला ९८० आला तेव्हा मी पेन खाली ठेवून सरांचा प्रश्न विचारला. तेव्हापासून ९५५ येतात, ९९० येतात, आणि तपासायला तिप्पट वेळ लागतो. चिडचिड होते माझी. तरी विचारते.

आखाजीनंतर तिसऱ्या दिवशी सरांच्या दारात टेम्पो लागला. खोका आणि गोळे त्यांनी माझ्याकडे दिले होते, तरी सामान पुष्कळ होतं. हमाल एकेक नग आणत होते आणि नाना टेम्पोच्या फाळक्यापाशी मोजायला उभे होते. सर कट्ट्यावर खुर्ची टाकून बसले होते. पहिली पुस्तकांची पेटी आली. नानांनी तोंड उघडलं, मग त्यांना काय वाटलं कोणास ठाऊक, बोलायचे थांबले आणि सरांकडे बघायला लागले. काय म्हणावं तेच त्यांना कळेना.

सर कट्ट्यावरून मोठ्याने म्हणाले, "लाभ!"

"दोन," नाना म्हणाले, आणि पुढची पेटी वर गेली.